सीजे-३बी जीप : पुढच्या चाकांची बेअरिंगं, किंगपिन आणि स्पिंडल

गाडी महिंद्रा सीजे-३बी, कागदावर १९६८ ची. पेट्रोल हरिकेन इंजिन, उजवं स्टिअरिंग, ६.००-१६ चे टायर. पुढच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) फ्रीव्हील, म्हणजे चाक शाफ्टपासून सोडवायची सोय, नाही. सरळ ड्राइव्ह फ्लँज (चाक शाफ्टला जोडणाऱ्या चकत्या) आहेत. म्हणजे फोर व्हील टाकलं असो वा नसो, पुढचे शाफ्ट चाकांबरोबर कायम फिरणारच.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसऱ्याला पान्या-हातोड्यांची पूजा झाली. टूलबॉक्समध्ये झेंडूच्या पाकळ्या पडल्या आहेत, त्या तशाच राहू दिल्या आणि जीप घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवली.

तक्रारी तीन. चाळीसच्या पुढे डाव्या चाकातून घोंघाट येतो. त्याच वेगात एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग असं थरथरतं की जवळजवळ थांबेपर्यंत गाडी शांत होत नाही. आणि ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढते. शेवटची तक्रार ऐकून मिस्त्री (इकडे सगळे त्यांना मामा म्हणतात) लगेच म्हणाले, "डाव्या ड्रममध्ये तेल गेलंय, डावा ब्रेक धरतच न्हाई. सगळं एकाच घरचं दुखणं दिसतंय."

डावं चाक वर-खाली धरून हलवलं तर चांगलाच प्ले (ढिलाई). पण हा प्ले हबच्या बेअरिंगचा की किंगपिनचा (ज्या उभ्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिचा), हे नुसतं हलवून कळत नाही. त्याची जुनी युक्ती आहे: एकाने ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने चाक हलवायचं. ब्रेक लागला की ड्रम आणि बॅकप्लेट (ब्रेक शू धरणारी न फिरणारी प्लेट) एकजीव होतात, हबच्या बेअरिंगचा प्ले गायब होतो. उरतो तो किंगपिनचा. आमचा निम्मा गेला, निम्मा राहिला. म्हणजे दोन्ही.

उजवं चाक त्या मानाने बरं, पण आता उघडायचं तर दोन्ही बाजू.

ज्यांना ही जीप परिचयाची नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सीजे-३बी हे विलीजचं १९५३ चं मॉडेल. याच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते झाकायला बॉनेटही उंच करावं लागलं. महिंद्राने विलीजच्या जीप १९४९ साली मुंबईत माझगावला जोडायला सुरुवात केली होती, आणि अमेरिकेत ३बी १९६८ मध्ये बंद झाली तरी आपल्याकडे ती पुढे कित्येक वर्षं बनत राहिली. आज स्पेअर मिळतात ते त्यामुळेच. चांगले मिळतात का, हा वेगळा विषय. तो खाली येईलच.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

संध्याकाळी डावा हब उघडला. हबची टोपी, सर्क्लिप, फ्लँजचे सहा बोल्ट. फ्लँज पुलरने ओढली. आत दोन मोठे चपटे नट, मध्ये वाकवायच्या ओठाचा लॉक वॉशर.

बाहेरच्या नटाचा एकही कोपरा शाबूत नव्हता. गेल्या पन्नास वर्षांत जो कोणी इथे आला त्याने छिन्नी आणि हातोडा घेऊनच हा नट काढला आणि घातला. छिन्नीने नट फिरतो, पण किती फिरला ते कळत नाही, आणि या कामात सगळा खेळ नट किती फिरवला याचाच असतो. मामांना मी हे म्हणालो तर ते हसले. "पाना कुणाकडं हुता? शेतात जीप बंद पडली की छिन्नीच."

खरं आहे. हा नट दोन पूर्णांक एक सोळांश इंचाचा, म्हणजे जवळजवळ ५२.४ मिमी. साध्या दुकानात असा सॉकेट मिळत नाही. उद्यमनगरात एका टर्नरकडे जाड पाइपाचा तुकडा दिला, आतून षटकोन काढून घेतला, वर चौकोनी भोकाची चकती वेल्ड केली. कोल्हापुरात राहण्याचा हा फायदा: असलं काम सांगितलं की कुणी "कशाला?" विचारत नाही, "कधी पाहिजे?" विचारतो.

नवे नटही लागणार. यादीत टाकले.

२० ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस रॉकेल, ब्रश आणि भिंग. बेअरिंगं धुऊन बघत बसलो. मला या कामात सगळ्यात आवडतो तो हाच भाग, कारण धुतलेलं बेअरिंग गाडीचा सगळा इतिहास सांगतं.

प्रत्येक हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंगं असतात, आतलं आणि बाहेरचं एकाच मापाचं: कोन (रोलरसकट आतली कडी) १८५९०, कप (बाहेरची कडी) १८५२०. कोनचं भोक ४१.२७५ मिमी, कपाचा बाहेरचा व्यास ७३.०२५. सगळं इंचाच्या हिशोबातलं. हेन्री टिमकेनने अशा निमुळत्या रोलरचं पेटंट १८९८ मध्ये घेतलं, तेही घोडागाडीच्या आसांसाठी. रोलर तिरके असल्यामुळे गाडीचं वजनही पेलतं आणि वळणावर येणारा आडवा रेटाही. समोरासमोर दोन बसवली की दोन्ही बाजूंचा रेटा वाटून घेतला जातो. बदल्यात ती आपल्याकडून एक गोष्ट मागतात: त्यांच्यामधली मोकळीक कुणीतरी हाताने, अचूक लावून द्यावी लागते.

डाव्या आतल्या कपात, खालच्या अर्ध्या भागात नव्हे तर सगळीकडून पोपडे निघालेले. कप हबबरोबर फिरतो, म्हणून त्याचा प्रत्येक भाग पाळीपाळीने वजनाखाली येतो. बाहेरच्या कपात मात्र वेगळीच गंमत दिसली. काळसर बारीक रेषा, सारख्या अंतरावर, आणि ते अंतर बरोबर दोन रोलरमधलं. हा गंज आहे. गाडी बराच काळ एका जागी उभी होती, ग्रीसमध्ये पाणी होतं, आणि प्रत्येक रोलर जिथे टेकला होता तिथे त्याने आपली सही करून ठेवली.

पाणी कुठून आलं तेही उघड आहे. आधीचा मालक गगनबावड्याच्या बाजूचा. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घालायची म्हणजे गरम हब थंड पाण्यात जातो, आतली हवा आकसते आणि सील थोडं जरी थकलेलं असलं तरी हब बाहेरचं पाणी आत ओढून घेतो. मग तीच गाडी चार महिने गोठ्याशेजारी उभी. "पळणाऱ्या गाडीचं बेअरिंग मरत न्हाई, उभ्या गाडीचं मरतंय," हे मामांचं म्हणणं आज कपावर लिहिलेलं वाचलं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

आज थोडक्यात लिहायचं होतं, पण मुद्दा इथेच आहे.

नवं बेअरिंग आणून टाकलं की झालं, असं सगळे समजतात. दुकानदारही तसंच सांगतो. पण बेअरिंग ज्याच्यावर बसतं ती जागाच खराब असेल तर नवं बेअरिंग जुन्याच वाटेने जातं. म्हणून एक चांगला कोन हातात घेऊन डाव्या स्पिंडलवर (हब ज्याच्यावर फिरतो त्या पोकळ आसावर) सरकवला. बाहेरच्या जागेवर नीट गेला. आतल्या जागेवर गेला आणि डगडगला.

मायक्रोमीटर लावला. आतली जागा आडवी मोजली तर ४१.२२ मिमी, उभी मोजली तर ४१.०२. खालच्या बाजूला जागा बसली आहे. ती खालीच का, हे समजून घेण्यासारखं आहे. स्पिंडल फिरत नाही, त्यामुळे गाडीचं सगळं वजन स्पिंडलच्या खालच्या अंगावरच, वर्षानुवर्षं त्याच जागी येतं. पुढच्या हबमध्ये कप घट्ट दाबून बसवतात आणि कोन स्पिंडलवर हाताने सरकेल असा ठेवतात, तो याच हिशोबाने. कपावरचा भार फिरता, म्हणून तो घट्ट. कोनवरचा भार एका जागी, म्हणून तो सैल चालतो. शिवाय नट फिरवून मोकळीक लावायची तर कोन सरकायलाच हवा. चालताना कोन स्पिंडलवर हळूहळू रांगतो, जागेवर थोडी चकाकी येते. तेवढं चालतं. ग्रीस संपलं आणि रोलर अडकू लागले की मात्र तो रांगण्याऐवजी फिरायला लागतो आणि स्पिंडल खातो. इथे तेच झालंय, बाजूला निळसर झाकही आहे.

आता उपाय. मामांच्या शेजारच्या गॅरेजवाल्याने जागेवर पंच मारून ठिपके उठवायचं सुचवलं. ठिपक्यांनी कोन घट्ट होतो हे खरं, पण किती दिवस? वजन त्या ठिपक्यांच्या टोकांवर, ती टोकं महिन्याभरात सपाट. वेल्ड भरून लेथवर घासणं हा दुसरा मार्ग. तोही मला नको, कारण उष्णतेने स्पिंडल वाकतो, पोलादाचा गुण बदलतो आणि शेजारीच आटे आहेत. हा भाग तुटला तर चाक निघून जातं. तिसरा मार्ग, जागा घासून बारीक स्लीव्ह बसवणं. चांगल्या टर्नरकडून होतं, पण मूळ धातू आणखी कमी होतो.

चांगला जुना स्पिंडल शोधायचं ठरलं. मुंबईतल्या मित्राला फोटो आणि मापं पाठवली. तो कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जुन्या स्पेअरच्या बाजारात, जाऊन बघणार आहे. त्याला एकच बजावलं: मायक्रोमीटर घेऊन जा, दुकानदार काय म्हणतो ते ऐकू नको.

२७ ऑक्टोबर, रविवार

नकल (किंगपिनवर चाकासकट वळणारा भाग) उतरवली. ब्रेकचा पाइप सोडला नाही, बॅकप्लेट तारेने वर टांगून ठेवली. रबरी होजवर तिचं वजन येऊ द्यायचं नाही. सहा बोल्ट काढून स्पिंडल, मग शाफ्ट सांध्यासकट बाहेर. शाफ्टबरोबर एवढं पातळ तेल आलं की खाली ठेवलेला पत्र्याचा डबा भरला.

हे तेल इथलं नाही. नकलमध्ये घट्ट ग्रीस असायला हवं. हे डिफचं (डिफरन्शियलचं) तेल. अ‍ॅक्सलच्या नळीच्या टोकाला, नकल ज्याच्यावर वळते त्या गोळ्याच्या मागे, एक छोटं सील असतं. ते गेलं की डिफचं तेल नळीतून नकलमध्ये, तिथलं ग्रीस पातळ करून स्पिंडलच्या आतून हबमध्ये आणि तिथून ब्रेकवर. हबचं ग्रीसही तेच धुऊन नेतं. कोरडं पडलेलं बेअरिंग, खाल्लेला स्पिंडल, उजवीकडे ओढणारा ब्रेक: सगळं त्या बांगडीएवढ्या सीलपासून सुरू झालं. मामांचं "एकाच घरचं दुखणं" अक्षरशः खरं निघालं. नुसती बेअरिंगं बदलली असती तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत परत इथेच.

किंगपिनची बेअरिंगं वर एक, खाली एक, ११५९० कोन आणि ११५२० कप. खालच्या कपात रोलरच्या आकाराच्या खाचा, बोटाच्या नखाला लागतील एवढ्या. नकल फिरून फिरून किती फिरणार? सरळ रस्त्यावर तर ती जागची हलतच नाही. मग प्रत्येक धक्का तेच रोलर त्याच ठिकाणी ठोकत राहतात. अशा खाचांमुळे स्टिअरिंग सरळ आलं की आपोआप तिथे अडकतं, आणि लोकांना वाटतं की वा, स्टिअरिंग कसं छान मधोमध येतं! खाच सुटली की थरथर सुरू.

स्पिंडलच्या आत शाफ्टला आधार देणारं ब्राँझचं बुश असतं, तेही अंडाकृती झालंय. शाफ्टचा क्रॉस ठीक, सुईबेअरिंग धरत नाही. ठेवला.

उजवी बाजूही याच दिवशी खोलली. स्पिंडल चांगला, बेअरिंगं काळवंडलेली, किंगपिन तसेच. त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीत काम बंद. फक्त फोन. मित्राला स्पिंडल मिळाला, उभा-आडवा दोन्हीकडे ४१.२५. दुकानदाराने त्याला मायक्रोमीटर काढताना बघून आधीच भाव वाढवला म्हणे.

१० नोव्हेंबर, रविवार

सुटे भाग आले. बेअरिंगांचा एक जोड परत पाठवला. खोका नामांकित कंपनीचा, आतलं बेअरिंग नाही. खोक्यावरचं नाव सुबक, पण कोनच्या कडेवरचा नंबर उथळ आणि तिरका, पिंजऱ्याच्या कडांना धार. दोन कोन शेजारी ठेवले तर रोलरच्या टोकांचं पॉलिश वेगळं. विकणाऱ्याने आधी वाद घातला, मग पैसे दिले. असलं बेअरिंग चाकात घालणं म्हणजे स्वस्तात महागाई.

दुसऱ्या दुकानातून घेतलेली ठीक आहेत. भोक मोजलं, कागदावरच्या मापाशी जुळलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

कप काढणं आणि बसवणं. उजव्या हबचे कप पितळी दांड्याने आलटून पालटून दोन बाजूंना ठोकले, आले. डावा आतला हलेना. मामांनी वेल्डिंगचा रॉड घेऊन कपाच्या आतून, रोलरच्या वाटेवर, एक गोल टाका फिरवला. थंड होताना वेल्ड आकसतं आणि कपाला आत ओढतं. पाच मिनिटांनी हब उलटा केला तर कप आपोआप फरशीवर पडला. जुना कप तसाही भंगार, त्यामुळे चिंता नाही. हबला चरा नाही, हे महत्त्वाचं.

नवे कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले होते, आइस्क्रीमशेजारी, घरच्यांचा निषेध पत्करून. हब दुपारच्या उन्हात. जुना कप बाहेरून ग्राइंडरवर थोडा उतरवून त्याचाच ठोकळा केला, म्हणजे हातोडा नव्या कपाला कुठेच लागत नाही. बसताना आवाज ऐकायचा. कप सरकत असतो तोवर बद्द बद्द. खांद्यावर टेकला की हातोडा टणकन उडतो आणि अख्खा ड्रम वाजतो. त्यानंतर एकही घाव नाही. मग सगळीकडून फीलर गेजने खात्री केली की खाली फट नाही.

डिफच्या नळीतली दोन्ही सीलंही बसवली. ओठ डिफकडे.

१७ नोव्हेंबर, रविवार

किंगपिन. नवे कप-कोन, वरच्या टोपीखाली शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या). शिम तीन थाउपासून तीस थाउपर्यंत मिळतात (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). शिम कमी केली की बेअरिंग आवळतं. इथे मोकळीक ठेवायची नाही, उलट थोडा दाब हवा, म्हणजे धक्का आला तरी रोलर कपावरून उठणार नाही. उठलेला रोलर परत आपटतो तेव्हाच त्या खाचा पडतात.

हा दाब मोजायचा तो टायरॉड सोडून, शाफ्ट आत न घालता आणि गोळ्यावरचं नमद्याचं सील न लावता. नमदा घासतो आणि आकडा फुगवतो. टायरॉडच्या भोकात ताणकाट्याचा आकडा अडकवून नकल काटकोनात ओढली. ओढायला सुरुवात करताना काटा जोरात जातो, तो धरायचा नाही. नकल सावकाश फिरत असताना काटा जिथे स्थिर राहतो तो खरा. मॅन्युअलमधल्या आकड्याच्या वर गेलो, पाच थाउची एक शिम वाढवली, बसलं. उजव्या बाजूला जुन्याच शिम चालल्या.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. सकाळी रांगेत, मग घरी. उद्यमनगर बंद, त्यामुळे ग्रीसचं काम.

लिथियम ग्रीस, एकच डबा, सगळीकडे तेच. जुन्या ग्रीसवर नवं ग्रीस चढवायचं नाही. वेगळ्या जातीची ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन गळतात. तळहातावर गोळा घेऊन कोनच्या रुंद कडेने त्यात दाबत राहायचं, रोलरच्या मधून वरच्या बाजूने ग्रीसचे तुरे येईपर्यंत. हबच्या पोकळीत मात्र गच्च भरायचं नाही. गरम झालेल्या ग्रीसला जागा लागते, नाहीतर ते सीलमधून ब्रेकवर येतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

जोडणी. नवं बुश, सीएसटी रोडचा स्पिंडल, शाफ्ट, बॅकप्लेट, नवे ब्रेक शू (जुने तेल प्यायलेले होते, भाजून वापरा म्हणणारे भेटले, नाही वापरले), हब. नकलमध्ये घट्ट ग्रीस.

आतला नट नव्या सॉकेटने, चाक फिरवत फिरवत आवळला. चाक अडेपर्यंत. मग सुमारे एक षष्ठांश फेरा मागे. नट षटकोनी, म्हणजे बरोबर एक बाजू. खडूने खूण केली तर चुकत नाही. लॉक वॉशर, बाहेरचा नट. बाहेरचा नट आवळला की तो आतल्या नटाला आट्यांतल्या फटीएवढा आत ढकलतो आणि लावलेली मोकळीक बदलते. म्हणून तो आवळल्यानंतर पुन्हा चाक हलवून बघायचं. डावीकडे चाक किंचित जड वाटलं, पुन्हा सोडून आतला नट थोडा मागे घेतला. मग वॉशरचा ओठ वाकवला. मामांनी सवयीने छिन्नी उचलली होती, ती फक्त एवढ्याच कामाला.

१ डिसेंबर, रविवार

पन्हाळ्याच्या रस्त्याला गाडी काढली. वाघबीळपर्यंत चढ, तिथे थांबून दोन्ही हबवर हात. कोमट, हात आरामात टिकतो. तपासायचं ते चढ चढून गेल्यावरच. घाट उतरून आलं की ड्रम ब्रेकने तापलेला असतो आणि बेअरिंगवर उगाच आळ येतो.

घोंघाट गेला. ब्रेक सरळ. थरथर पन्नासपर्यंत आली नाही. पण हातात स्टिअरिंग अजून सैल आहे, चाक हलायच्या आधी थोडं रिकामं फिरतं. ते आता नकलचं नाही, बेल क्रँकचं (स्टिअरिंगची ओढ चाकांकडे वळवणाऱ्या मधल्या सांध्याचं). त्याची पिन आणि बुश घासतात ही या जीपची जुनीच खोड.

१५ डिसेंबर, रविवार

आठवडाभर गावात चालवून पुन्हा घोड्यांवर. डाव्या चाकाला ब्रेक न दाबता अगदी नकळत प्ले, तेवढा हवाच. उजवीकडे आतला नट थोडा आवळला, नवे कप पहिल्या काही किलोमीटरमध्ये बसतात. नकलचे बोल्ट पुन्हा आवळले. गोळ्याखाली पुठ्ठा ठेवला होता, कोरडा. डिफचं तेल भरायच्या भोकाच्या काठाला, जिथे होतं तिथेच.

बेल क्रँकचा किट मागवला आहे.